बडोद्यात रडार शिकलो होतो, इतक्या वर्षांनी परत जाऊन आलो

क्राफ्ट्समन_७९

पुतणीचं लग्न बडोद्याला निघालं तेव्हाच ठरवलं होतं की दोन दिवस जास्तीचे काढायचे. लग्न वाघोडिया रोडला, आणि माझं बडोदं स्टेशनच्या उत्तरेला, फतेहगंजच्या पलीकडे. घरच्यांना सांगितलं, मुहूर्त लागला की मला शोधू नका.

मी सातारा जिल्ह्यातला. अकरावी झाली, भरतीला उभा राहिलो, ईएमईत लागलो. बेसिक झाल्यावर रडार मेकॅनिकच्या ट्रेडला टाकलं आणि बडोद्याच्या ईएमई स्कूलला पाठवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: लष्कराच्या तोफा, गाड्या, रेडिओ, रडार हे सगळं दुरुस्त करणारी जी कोअर, ती ईएमई. स्थापना १५ ऑक्टोबर १९४३, ब्रीद ‘कर्म ही धर्म’. आमच्यातल्या साध्या शिपायालाही शिपाई म्हणत नाहीत, क्राफ्ट्समन म्हणतात. गावी पत्रावर हे लिहून आलं तेव्हा वडिलांना वाटलं, पोराला सुतारकामाला घेतलं.

मुंबई सेंट्रलहून रात्रीच्या गाडीनं आलो होतो. काळी पत्र्याची पेटी, बिस्तरबंद, आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. स्टेशनवर ट्रक उभा होता. गाव बघायच्या आधीच गाव मागं गेलं. पुढचे कित्येक आठवडे बडोदं म्हणजे आमच्यासाठी परेड ग्राउंड, लंगर, बॅरक आणि ते कुलूपबंद क्लासरूम. वह्यासुद्धा आमच्या नव्हत्या. पानांवर नंबर घातलेले असायचे, संध्याकाळी त्या जमा, सकाळी परत हातात. अभ्यास करायचा तो डोक्यात नेऊन. रात्री दिवे गेल्यावर शेजारच्या कॉटवरचा केरळचा गडी मॉड्युलेटरची, म्हणजे रडारचा ठोका तयार करणाऱ्या भागाची, सर्किट बोटानं चादरीवर काढायचा आणि मला विचारायचा, इथं पुढं काय?

तर यावेळी गेलो. रिक्षावाल्याला म्हटलं ईएमई. तो म्हणाला, मंदिर ने? बाहेरच्या माणसासाठी ईएमई म्हणजे मंदिर, एवढंच उरलंय. ओळखपत्र दाखवून तिथपर्यंत जाता येतं. दक्षिणामूर्ती शिवाचं मंदिर आहे ते, १९६६ साली ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन यांनी उभं करून घेतलं. स्वतः ख्रिश्चन माणूस. घुमट ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा, त्रिकोणी तुकडे जोडून केलेला. वर कळस, घुमट मशिदीसारखा, मनोरा चर्चचा, त्याच्यावरचा सोनेरी भाग बौद्ध पद्धतीचा, प्रवेशद्वार जैन. बागेत जुन्या दगडी मूर्ती मांडलेल्या, काही तर सहाव्या शतकातल्या. दक्षिणामूर्ती म्हणजे शिष्यांना शिकवायला बसलेला शिव. ट्रेनिंगच्या जागी याच्याइतका योग्य देव दुसरा कुठला मिळाला असता ते मला सुचत नाही. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात? आम्ही तिथं जायचो ते सावलीसाठी.

मंदिरापासून पुढं जायचा रस्ता मला पायांनी माहीत होता. फाटकावरचा पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा. म्हटलं, बेटा, मी इथंच शिकलोय. त्यानं सॅल्यूट ठोकला, खुर्ची दिली, पाणी दिलं. आत मात्र सोडलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं. खुर्चीवर बसून जेवढं दिसलं तेवढं बघितलं: झाडं, चुना लावलेल्या विटांची कड, आणि एक सायकलवाला.

मग शहरात गेलो, आणि खरी गंमत इथून पुढं आहे. आमचं शहर म्हणजे रविवारच्या आउटपासचं. फतेहगंज, कमाटीबाग, काळा घोडा, रावपुरा, आणि शेवट ठरलेला: दांडिया बाजार. कारण तिथं मराठी ऐकू यायचं. लंगरचं जेवण वाईट नव्हतं, पण आठवडाभर राजमा-रोटी खाल्लेल्या सातारी माणसाला आमटी-भाताची काय किंमत असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. सुरसागरच्या जवळच्या एका बोळात वरच्या मजल्यावर खानावळ होती. बाई कोकणस्थ, भाषा मराठी पण सूर गुजराती. वरणात गूळ. पहिल्या रविवारी आम्ही तोंड वाकडं केलं, नंतर नंतर वरणात गूळ नसला तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

बोळ सापडला. खानावळीचा जिना सापडला. वर आता कोचिंग क्लास आहे. फिजिक्सचा! दारावर वेव्ह्ज आणि ऑप्टिक्सच्या बॅचची वेळ लिहिलेली.

मला या धाग्यात एवढंच मांडायचंय. बडोद्याला राजवाडा आहे, विद्यापीठ आहे, चित्रकार आहेत, फरसाण आहे, आणि प्रत्येकाची पाटी आहे. पण देशभरच्या शेतकऱ्यांच्या हजारो पोरांनी इथं मायक्रोवेव्हचं, म्हणजे रडारच्या लहरींचं, काम शिकलं याची शहरात एकही खूण नाही. लोकांना विचारलं तर म्हणतात, हो, मंदिर छान आहे. इथं कुणी त्या काळातलं आहे का? किंवा तेव्हाचा दांडिया बाजार आठवणारं कुणी?

दांडियाबाजारवाली

अहो काका, तुम्ही सांगताय तो जिना मला माहीत आहे! बाई आमच्या आजीच्या मैत्रीण होत्या. नव्वदच्या आसपास त्यांनी बंद केली, गुडघे धरले म्हणून. मुलगा अमेरिकेत, त्याला काय फावणार खानावळ.

रविवारी दुपारी फौजी लोक यायचे ते मला चांगलं आठवतं. एकदम बारीक कापलेले केस, कडक इस्त्री, आणि सगळे जिन्यात चपला-बूट एका ओळीत लावून ठेवायचे. आम्ही मुली मुद्दाम ओळ मोडायचो. जेवून खाली आले की कुणी न बोलता परत ओळ लावून मग घालायचे! आजी म्हणायची, हे विमानाच्या मशीनचं शिकतात. रडार हा शब्द आमच्या वाड्यात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

आणि वरणात गूळ घालणारच ने. इथे चार पिढ्या राहून गूळ नाही घातला तर मग बडोदेकर कसले. सेव-उसळ खाल्ली की नाही यावेळी?

क्राफ्ट्समन_७९

ताई, खाल्ली. वरची तर्री तिखट होती, पण आमच्याकडची मिसळ ती मिसळच, त्यात वाद नको. ओळ मोडणाऱ्या मुली कोण ते आज कळलं. आमच्यातला एक नाशिकचा गडी दर रविवारी मांजराला शिव्या द्यायचा.

सिग्नल_आणि_गोंगाट

काका, मी इथल्याच विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला रडार इक्वेशन दोन लेक्चरमध्ये उरकतात, मग सिम्युलेशन. तुम्ही नेमकं काय शिकलात? म्हणजे अकरावी पास मुलाला मॅग्नेट्रॉन (रडारची लहर तयार करणारी नळी) कसा शिकवतात? आणि उपकरण कुठलं होतं, सांगता येईल का?

क्राफ्ट्समन_७९

उपकरणांचं फार बोलत नाही, पण एल-सत्तर विमानविरोधी तोफांबरोबर चालणारं सुपर फ्लेडरमाउस हे स्विस बनावटीचं रडार आता पुस्तकांतून आणि इंटरनेटवर आहेच, त्यामुळे नाव घ्यायला हरकत नाही. ट्रेनिंग मात्र आधी सुट्या भागांवर. लाकडी पाटावर एकेक स्टेज मांडलेली.

कसं शिकवलं विचारतोस तर, गणित जवळजवळ नाहीच. आमचे उस्ताद हरियाणाचे हवालदार. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच आकडा लिहिला: एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर. लहर तेवढ्या वेळात ३०० मीटर जाते, पण तिला जाऊन परत यायचंय, म्हणून निम्मं. हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. मग रडारचं सगळं दुखणं एका वाक्यात: तोफेच्या तोंडाशी कान ठेवायचा, आणि बार झाल्या झाल्या त्याच कानानं समोरच्या डोंगरावरची कुजबुज ऐकायची. ॲन्टेना एकच. तिच्यातूनच शेकडो किलोवॅटचा ठोका बाहेर जातो, आणि तिच्यातूनच त्याचा अब्जांशही नसलेला प्रतिध्वनी आत येतो. ठोका जाताना रिसिव्हर वाचवायचा कसा? त्यासाठी टीआर सेल. काचेची नळी, आत कमी दाबाचा वायू. ठोका आला की वायू पेटतो, रिसिव्हरकडची वाट बंद. ठोका संपला की विझतो, वाट मोकळी.

आता फॉल्ट फाइंडिंग. जेवणानंतर उस्ताद आम्हाला बाहेर काढायचे, आत जाऊन काहीतरी बिघडवून ठेवायचे, आणि एकेकाला आत घ्यायचे. माझ्या वाट्याला आला तो असा: पडद्यावर गवत (गोंगाटाच्या बारीक रेघा) भरपूर, पण एको, म्हणजे प्रतिध्वनी, जवळजवळ नाही. मी शिकवल्याप्रमाणे क्रिस्टल करंट बघितला. मीटर पडलेला. म्हणजे मिक्सरमधला, रिसिव्हरच्या पहिल्याच भागातला, क्रिस्टल गेला. हा क्रिस्टल म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिनी मातीची कांडी, दोन्ही टोकांना पितळ, शिशाच्या वर्खात गुंडाळून येते, कारण अंगावरच्या स्थिर विजेनंही ती मरते. ती एकानं दुसऱ्याला द्यायची तर आधी एकमेकांचा हात धरायचा, दोघांचा भार सारखा झाला की मग कांडी सोडायची. दोन दणकट जवान हात धरून उभे आहेत आणि मधे एवढीशी कांडी, असं ते दृश्य. नवा क्रिस्टल घातला, एको आले, मी खूश होऊन सावधान उभा. उस्ताद काही बोलले नाहीत, घड्याळ बघत राहिले. थोड्या वेळात मीटर पुन्हा पडला.

दुसरा क्रिस्टल मागितला तर दिला नाही. म्हणाले, “मुर्दा मत बदल, कातिल ढूँढ.” कातिल टीआर सेलपाशी होता. त्या नळीत आधीपासून थोडा वायू पेटता ठेवायला एक वेगळं व्होल्टेज लागतं, कीप-अलाइव्ह. त्याची तार त्यांनी सोडवून ठेवली होती. नळी पेटत होती, पण क्षणभर उशिरा, आणि तेवढ्यात ठोक्याची टोकदार सुरुवात आत घुसून क्रिस्टल जाळत होती. मीटरवर कुठंही न दिसणारा क्षण तो.

आणखी एक, जे पुस्तकात मिळणार नाही. मॉड्युलेटर गातो. सेकंदाला जेवढे ठोके, त्या सुरात बारीक शीळ येते. ती शीळ नीट असली तर ट्रिगरपासून (ठोका सोडायचा इशारा) मॉड्युलेटरपर्यंत ठीक आहे, मीटर काढायच्या आधीच निम्मं रडार तपासून झालं. उस्ताद दाराबाहेरून सांगायचे, ट्रिगर हलतोय बघ.

हाय व्होल्टेजचा नियम तू पाळतोस का? डावा हात खिशात, म्हणजे धक्का छातीतून जात नाही. आणि स्विच बंद केला तरी अर्थिंग रॉड (साठलेली वीज जमिनीत उतरवणारी दांडी) लावल्याशिवाय कपॅसिटरला बोट नाही. निवृत्तीनंतर कोरेगावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलं, तिथंही मरेपर्यंत हाच नियम. म्हणजे टीव्ही मरेपर्यंत. फ्लॅट स्क्रीन आले आणि सर्किट बोर्डच बदलायची पद्धत आली. मुर्दा बदलायचाच धंदा झाला, मग मी शटर ओढलं.

सिग्नल_आणि_गोंगाट

काका, हात धरून क्रिस्टल द्यायचं हे आमच्या सरांना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. आम्ही मनगटाला पट्टा बांधतो, तत्त्व तेच. कीप-अलाइव्हचं मात्र समजायला मला तुमची पोस्ट तीनदा वाचावी लागली.

शिस्तप्रिय

धागाकर्त्याचा आदर राखून: लष्करी आस्थापनांबद्दल सार्वजनिक ठिकाणी इतकं तपशिलात लिहावं का? शत्रू काय फक्त सीमेवर असतो? प्रशासकांनी लक्ष घालावं.

क्राफ्ट्समन_७९

साहेब, टीआर सेल दुसऱ्या महायुद्धातला आहे. कीप-अलाइव्हची तार कुणी शत्रूनं सोडवली तर मला कळवा, मी येऊन जोडून देतो. आतला नकाशा, आत आज काय आहे, यातलं मी काही लिहिलेलं नाही आणि मला ठाऊकही नाही.

ओंटारिओकर

मूळचा बडोद्याचा, निझामपुऱ्यात वाढलो. ईएमईची भिंत म्हणजे आमच्या सायकलच्या रस्त्याची डावी बाजू, यापलीकडे कधी विचार केला नाही. हा धागा वाचून मात्र इथलं एक गाव आठवलं ते सांगतो.

लेक ह्युरॉनच्या जवळ क्लिंटन नावाचं छोटं गाव आहे. १९४१ साली ब्रिटिश हवाई दलानं तिथं रडार शिकवायची शाळा काढली. युद्ध युरोपात, पण शाळा कॅनडात, कारण इथं बॉम्ब पडत नव्हते. नाव मुद्दाम ‘नंबर ३१ रेडिओ स्कूल’. रडार हे गुपित होतं, त्यामुळे गावाला एवढंच माहीत की पोरं रेडिओ शिकतात. अगदी तुमच्या दांडिया बाजारच्या आजींसारखं, विमानाचं मशीन! १९४३ मध्ये ती कॅनडाच्या हवाई दलाकडे आली, पुढे कितीतरी वर्षं चालली आणि १९७१ मध्ये तळ बंद झाला. तळाच्या जागेवर आता वस्ती आहे, तिला व्हॅनास्ट्रा म्हणतात. आम्ही तिकडे गेलो ते खरं म्हणजे रेल्वेच्या डब्यातल्या शाळेचं संग्रहालय बघायला, मुलांना आवडतं म्हणून. तर गावात रडारची खरीखुरी ॲन्टेना उघड्यावर उभी. मुलं विचारायला लागली, हे काय. मी म्हटलं, रडार. त्यांना वाटलं टीव्हीची मोठी डिश.

तिथे जुनी माणसं परत येतात तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही. पण अडवायला काही उरलेलंही नाही. तुम्हाला निदान फाटकावर सॅल्यूट मिळाला.

जुन्या_लहरी

ओंटारिओकर, छान माहिती. अशाच पंगतीतलं इंग्लंडमधलं येट्सबरी. तिथल्या रेडिओ स्कूलमध्ये युद्धकाळात विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क रडार शिकवत होते. याच माणसानं १९४५ मध्ये भूस्थिर उपग्रहांवरून संदेश पाठवायची कल्पना लेख लिहून मांडली. क्राफ्ट्समन काकांच्या उस्तादांना कमी लेखू नका म्हणजे झालं.

बाकी रडार ब्रिटिशांनी शोधलं असा समज असेल तर सोडा. जर्मनीत ख्रिश्चन ह्युल्समायर यांनी १९०४ मध्येच रेडिओ लहरींनी जहाज ओळखून दाखवलं होतं, पेटंटसुद्धा घेतलं.

शिस्तप्रिय

ह्युल्समायरच्या यंत्राला अंतर मोजता येत नव्हतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉटसन-वॉट यांनी २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडमधल्या डॅव्हेन्ट्रीजवळ विमानाचा प्रतिध्वनी पकडून दाखवला, तिथून खरी सुरुवात.

जुन्या_लहरी

बीबीसीचा ट्रान्समीटर उसना घेऊन, आणि त्या प्रयोगातही अंतर मोजलेलं नव्हतं. वेगळा धागा काढा, येतो.

निळी_पहाट

काका, लेख आवडला, पण एक बाजू राहिली आहे ती लिहितो. राग नाही.

माझे वडीलही ईएमईतच, रडारलाच, तुमच्यानंतर काही वर्षांनी. आम्ही मराठवाड्यातले. लग्न झाल्यावर आईला बडोद्यात आणायचं म्हणून ते खोली शोधत फिरले. फौजी, पगार पक्का, मराठी भाषा, त्यांना वाटलं जुन्या मराठी वस्तीत सहज मिळेल. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न आडनाव. दुसरा प्रश्न आलाच नाही, कारण पहिल्यानंतर खोली ‘कालच गेलेली’ असायची. वडील रविवारी कमाटीबागेत जाऊन बसायचे. त्यांना माहीत होतं कुठे बसायचं ते. २३ सप्टेंबर १९१७. बडोद्याच्या नोकरीत असलेल्या बाबासाहेबांना शहरात राहायला जागा मिळाली नाही, पारशी नाव घेऊन ज्या उतारशाळेत राहिले तिथूनही हाकललं, तेव्हा याच बागेत झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला त्यावरून आता तिला संकल्पभूमी म्हणतात. आमच्या वडिलांना तिथे बसून काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आईला मात्र पुढे फतेहगंजमधल्या एका ख्रिस्ती बाईंनी मागची खोली दिली. आडनाव न विचारता. मी तिथेच जन्मलो.

लष्कराच्या आत मात्र त्यांना हा प्रश्न पडला नाही असं ते म्हणायचे. तिथे ट्रेड आणि नंबर. म्हणून त्यांना बडोदं म्हटलं की भिंतीच्या आतलंच आठवतं, तुम्हाला भिंतीबाहेरचं.

क्राफ्ट्समन_७९

बरं झालं लिहिलंत. खानावळीत आम्हालाही आडनाव विचारलं जायचं. माझ्यासाठी तो प्रश्न पानावर बसायच्या आधीचा एक शब्द होता, बस. आमच्याच बॅरकमधले दोघेजण कधी वर आले नाहीत, कमाटीबागेतच थांबतो म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं त्यांना झोपायचंय. वडिलांना माझा रामराम, नव्हे, जय भीम सांगा. त्यांनी कुठली सिस्टीम केली ते विचारा.

दांडियाबाजारवाली

निळी पहाट, खरं आहे. आमच्याच वाड्यात ‘कालच गेलेली’ खोली सहा-सहा महिने रिकामी असायची. आजही सोसायट्यांमधून वेगळ्या शब्दांत तेच चालतं.

छाणीरोडची_सून

मी इथे नेहमी फक्त वाचते, आज राहवलं नाही. आमचे हे १९८१ सालच्या आगेमागे बडोद्याला होते. आधी ट्रेनिंग, मग बरीच वर्षं इकडे तिकडे, आणि शेवटी पुन्हा बडोद्यातच पोस्टिंग, शिकवायला. म्हणून आम्ही छाणी रोडला घर घेऊन इथेच राहिलो. नगर जिल्ह्यात परत जायचं होतं पण मुलांच्या शाळा.

यांना स्क्रीनवर वाचायचा कंटाळा, म्हणून मी सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणतात, कीप-अलाइव्हची तार सोडवणं हा जुना डाव. हे शिकवायला लागले तेव्हा पोरं हुशार झाली होती, सीनियर बॅचकडून उत्तरं घेऊन यायची. मग यांनी काय करावं? काहीच बिघडवायचं नाही. चांगलं चालतं रडार द्यायचं आणि सांगायचं फॉल्ट शोध. चांगली चांगली पोरं घामाघूम व्हायची, दोघांनी तर चालता क्लायस्ट्रॉन (रिसिव्हरसाठी लहर तयार करणारी नळी) काढून ठेवला. जो पोरगा सगळं तपासून ‘साहब, सब ठीक है’ म्हणायचा त्याला पूर्ण मार्क. पण तसं म्हणायला धीर लागतो ना, हातात हवालदाराची काठी असताना!

मला स्वतःला रडारचं एकच माहीत. रात्री मिक्सर लावला किंवा पंख्याचा आवाज बदलला की हे दुसऱ्या खोलीतून ओरडतात, बंद कर, बेअरिंग जाणार आहे. आणि दोन दिवसांत जातं. मध्यंतरी ऑगस्टच्या पुरात विश्वामित्रीचं पाणी खालच्या मजल्यात आलं, लोक मगरींचे व्हिडिओ काढत होते आणि हे मीटरच्या खोलीपाशी उभे, एक हात खिशात.

आणि पाटीचं म्हणाल तर क्राफ्ट्समन भाऊजी, यांचं म्हणणं असं की पाटी कशाला? आमच्या गल्लीत फिरा. तीन नंबरचा लिफ्ट दुरुस्त करतो, कोपऱ्यावरचा हॉस्पिटलची सोनोग्राफीची मशिनं बघतो, सगळे तिथूनच निवृत्त झालेले.

ओंटारिओकर

सोनोग्राफी तर सख्खी बहीणच. ठोका, प्रतिध्वनी, वेळेवरून अंतर. फक्त लहर वेगळी.

सिग्नल_आणि_गोंगाट

काकू, काहीच न बिघडवायची परीक्षा आमच्या लॅबमध्ये घेतली तर अख्खा वर्ग नापास होईल. मी पण. क्राफ्ट्समन काका, पाटी नको असेल तर निदान हे सगळं कुणीतरी आवाजात रेकॉर्ड करून ठेवायला हवं. तुम्ही परत बडोद्याला कधी येणार? आम्ही चार-पाच जण बसू. आमच्या विद्यापीठाचं इंजिनिअरिंग ज्या कलाभवनातून वाढलं ते सयाजीरावांनी १८९० मध्ये कारागिरांना हातातलं काम शिकवायलाच काढलं होतं, फाळकेही तिथेच शिकले. तिथे क्राफ्ट्समन येऊन बसला तर कुणाला वावगं वाटायचं कारण नाही.

क्राफ्ट्समन_७९

वहिनी, तुमच्या यांना सांगा, असल्या परीक्षेत मीसुद्धा क्लायस्ट्रॉन काढला असता.

पाटीबद्दल ओंटारिओकरांचं वाचल्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. क्लिंटनला ॲन्टेना चौकात आली कारण तळ गेला. म्हणजे पाटी मागायची तर आधी कुलूप मागावं लागेल. फाटकावरच्या त्या पोरानं मला आत सोडलं नाही ते त्याच्या मागं काहीतरी चालू आहे म्हणून. तेव्हा पाटीची मागणी मागं घेतो. पण सिग्नल, तुझं रेकॉर्डिंगचं पटतं. शीळ लिहून कळत नाही, ती तोंडानं काढून दाखवावी लागते. अट एवढीच की निळी पहाट यांच्या वडिलांनाही बोलवायचं, आणि बसायचं कमाटीबागेत.

वहिनी, यांचा कोर्स कुठला, आणि उस्ताद हरियाणाचे, उजव्या भुवईवर व्रण असलेले, हे आठवतात का विचारा.

निळी_पहाट

वडील औरंगाबादला असतात, प्रवास झेपतो. बागेचं ऐकून हसले आणि म्हणाले, सकाळी लवकर ठेवा, दुपारी ऊन लागतं. सिस्टीम तीच, फ्लेडरमाउस.

छाणीरोडची_सून

भुवईवर व्रण म्हणताच हे खुर्चीतून उठले. व्रण डाव्या भुवईवर होता म्हणतात, आणि तो का होता तेही माहीत आहे, पण इथे लिहू नको म्हणाले. तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, त्यात फोन नंबर आहे. संध्याकाळी मॅच असेल त्या दिवशी करू नका, उचलणार नाहीत.